रविवारच्या आत एक खरं जेवण

सोमवार, ३ फेब्रुवारी

आमच्या ढवळायच्या दांड्याचं आज संध्याकाळी, कर्तव्य बजावत असताना, निधन झालं. मागे एक पातेलं, दोन बायका आणि अर्धवट शिजलेला फुफू असा परिवार आहे. या इमारतीत लाकूड चुकीच्या डब्यात टाकलं तर दंड होतो आणि बरोबर डबा कोणता याबद्दल रहिवाशांत दोन पक्ष आहेत. म्हणून मृतदेह तूर्त गॅलरीत ठेवला आहे.

मी हे हसण्यावारी नेत नाहीये. तो दांडा मी मायदेशी कुमासीहून आणला होता, सामानात चपलांच्या मध्ये दडवून. विमानतळावरच्या माणसाने विचारलं होतं, "हे हत्यार आहे का?" म्हटलं, नवरा सोबत असता तर असतं. आता असला दांडा परदेशात, या सास्सुओलोत मिळायचा कुठे? इथे मक्याचा पोलेंटा ढवळायला म्हणून जी काठी मिळते ती भिंतीवर टांगायला ठीक. फुफूत घातली की नव्या नवरीसारखी लाजून वाकते.

खरं तर दोष दांड्याचा नाही, खोक्याचा आहे. खरा फुफू म्हणजे उखळात कांडलेला कसावा-केळीचा मऊ गोळा; खोक्यातला फुफू म्हणजे बटाट्याची पूड, नावाला केळं, आणि वर हसणाऱ्या बाईचं चित्र. तिने तो कधी खाल्लेला नाही हे तिच्या हसण्यावरूनच कळतं. उकळत्या पाण्यात ओतायचा आणि सिमेंट कालवतात तसा कालवायचा. हात थांबला की गुठळ्या. आज दांडा मोडला, हात थांबला.

माझ्यासोबत राहणाऱ्या बिरागोने एक घास रश्श्यात बुडवला, गिळला, डोळे मिटले.

"ताई, यानेच मी कामाला जाते त्या वृद्धाश्रमासमोरचे खड्डे बुजवतात का गं?"

"नको असेल तर राहू दे."

"राहू कुठे देऊ? घशात राहिलाच आहे."

नंतर ताट घासताना मला म्हणाली, काल आईला फोन लागला नाही. गावात वीज नसेल. दर रविवारी तिची आई एकच विचारते — तिकडे कुणी कांडून घालतं की नाही? आणि बिरागो दर रविवारी सांगते, घालतं ना! कोनादूताई कांडते, मी फिरवते, रोजचंच आहे. मग फोन माझ्याकडे येतो आणि मी होला हो करते. मसणात जायचं वय जवळ आलं तरी दुसऱ्याच्या आईशी खोटं बोलतेय. आमच्या घरात उखळ नाही, मुसळ नाही. खाली राहणारी सिन्योरा खुर्ची सरकवली तरी झाडूच्या दांड्याने छत ठोकते.

बघा, तिच्याकडे दांडा आहे!

मंगळवार, ४ फेब्रुवारी

काय लिहू. लिहितेच.

कारखान्यात दुपारच्या सुट्टीत कॉफीच्या यंत्रासमोर उभी होते. ब्रेशियाहून थोरल्या अज्येकुमांचा फोन. थोरले कधी फोन करत नाहीत, करवतात. त्यांचा स्वतःचा आवाज ऐकला तेव्हाच कप खाली ठेवला. त्यांनी आधी माझी तब्येत विचारली. मग कामाची. मग धुक्याची. मग म्हणाले, "पोरी, बसली आहेस का?"

"उभी आहे."

"मग कशाला तरी टेक."

बिरागोची आई गेली. रविवारी पहाटे, झोपेतच. गावाकडून, एफिदुआसेहून, घरच्यांनी थोरल्यांना कळवलं, कारण इकडे आमच्या कुळाचे वडीलधारे तेच.

"तिला कळता कामा नये," थोरले म्हणाले. "आम्ही रविवारी पहाटे येतो. मी आणि दोघी बायका. बसवून, रीतीने, हात धरून सांगू."

"आणि तोवर?"

"तोवर तिला जेवू घाल. खरं जेवण. खोक्यातलं नव्हे. एकदा कळलं की आईला माती मिळेपर्यंत ती फुफूलाच काय, कुठल्याच जेवणाला शिवायची नाही, तुला माहीत आहे ती कशी आहे. आणि माती ईस्टरनंतर. लेकरं चार देशांत पांगलीत, सगळी जमेपर्यंत म्हातारी शीतघरात."

पूर्वी मेलेलं माणूस दोन दिवसांत मातीत जायचं, शोकाचा उपासही दोन दिवसांचा. आता शीतघरं आली, त्यात माणसाबरोबर उपासही गोठवून ठेवतात. बाकी लोकांनी त्यावर तोडगा काढलाय — तीन दिवस पाळायचं, चौथ्या दिवशी पाद्रीबाबांना विचारायचं, पाद्रीबाबा म्हणतात देव मन बघतो. पण बिरागो म्हणजे बिरागो. वडील गेले तेव्हा हिने इतके दिवस पाळलं की शेवटी सलाइन लावावं लागलं. तेव्हा ती धडधाकट होती. गेल्या शरदात पित्ताशय काढल्यापासून तिच्या अंगातला कोट खुंटीला टांगल्यासारखा दिसतो. डॉक्टरीणबाई मागच्या महिन्यात बजावून गेलीय, वजन आणखी उतरलं तर पुन्हा भरती.

म्हणजे कामगिरी अशी — रविवारपर्यंत तिच्या कानावर काही पडू द्यायचं नाही आणि पोटात काहीतरी पडू द्यायचं.

कुणी म्हणेल, मरण सांगायला शिष्टमंडळ कशाला! मीही म्हटलं असतं. पण व्हेरोनातल्या त्या बाईचं मी विसरलेले नाही. शिडीवर चढून बँकेच्या काचा पुसत होती, खिशातला फोन वाजला, भाऊ म्हणाला आई गेली, आणि भावाचा फोनमधला पैसा संपला. ती शिडीवर. खाली रस्ता. खांद्यावर ठेवायला एक हात नाही. नंतर म्हणे तिने उरलेल्या काचाही पुसल्या, कारण काय करायचं ते सुचेना.

तसं बिरागोचं होऊ द्यायचं नाही. एवढंच.

संध्याकाळी घरी आले तर ही आधीच अंथरुणात. डोळे सुजलेले. "सर्दी," म्हणाली. जेवायला उठवलं. भात, वर कालचा रस्सा. उठली नाही.

"पोटात वारा धरलाय, ताई. नुसता चहा दे. दूध नको."

वारा! गुठळ्या म्हण की सरळ.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सकाळी उठून पहिलं काम — वायफायची डबी काढून पिठाच्या डब्यात लपवली. मग तासाभराने मलाच हवामान बघायचं होतं तर बघता येईना. गुन्हेगारीत मला पुढे काही भविष्य नाही.

पण नुसत्या डबीने काय होणार? तिच्या वृद्धाश्रमात वायफाय आहे, बसमध्ये आहे, चर्चमध्ये आहे. आणि आमचे लोक! मेलेल्याच्या फोटोखाली मेणबत्ती लावून, दोन कबुतरं चिकटवून, जगभर पाठवल्याशिवाय यांना घास उतरत नाही. म्हणून दुसरी युक्ती काढली. म्हटलं, बिरागो, माझा फोन बिघडलाय, कारखान्यातून सारखे फोन येणार आहेत पाळीचे, तुझा देतेस का थोडे दिवस?

मला वाटलं भांडेल. निदान विचारेल. माझा फोन त्याच वेळी माझ्या झग्याच्या खिशात थरथरत होता!

"ठेव तुझ्याकडे," म्हणाली. "मला कोण करतंय फोन."

गरीब बिचारी. फोन घेतला आणि बंद करून मोज्यांत टाकला.

आजही जेवली नाही. एक बिस्किट चहात बुडवून, तेही अर्धंच. मी पोलेंटाची ती लाजाळू काठी विकत आणून, मनगट मोडेपर्यंत ढवळून, एकही गुठळी नसलेला फुफू केला होता. स्वतः सांगते म्हणून नव्हे, पण आरशासारखा होता. तिने बघितला. "छान झालाय," म्हणाली आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

कारखान्यात दिवसभर मी पट्ट्यावरून जाणाऱ्या टाइल्समधला केसाएवढा तडा पकडते. पण ही बाई काय म्हणतेय ते मला कळत नाही असं तिला वाटतं. सोमवारी दांडा मोडला, मी जरा फटकून बोलले, आणि हिने माझ्या स्वयंपाकावर बहिष्कार टाकला! सरळ आहे. सत्याग्रह चाललाय.

ठीक आहे. खोक्यातलं खात नाहीस ना? मग कांडलेलं खाशील.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

उखळ सापडलं. आमच्या चर्चच्या गोदामात, दाराशी. त्यात लोक छत्र्या ठेवतात!

कुणीतरी कधीकाळी कुमासीहून जहाजाने मागवलेलं, ओडुमच्या लाकडाचं, चांगलं गुडघ्यापर्यंत येणारं उखळ — आणि त्यात छत्र्या. मुसळ पडद्याच्या दांडीला आधार म्हणून लावलेलं. मी पाद्रीबाबांना काही बोलले नाही. फक्त म्हटलं, पूर्वजांनी पाहिलं तर काय म्हणतील? ते म्हणाले, सिस्टर कोनादू, आपण पूर्वजांना मानत नाही. म्हटलं, ते तरी तुम्हाला कुठे मानत असतील.

शनिवारी दुपारी गोदाम रिकामं असतं. आजूबाजूला टाइल्सचीच गोदामं, शनिवारी चिटपाखरू नाही. कितीही धाडधाड करा, झाडूने छत ठोकायला कुणी नाही.

राहता राहिला कांडणारा. चर्चमधल्या सारपाँगला पकडलं. तो फोर्कलिफ्ट चालवतो, खांदे म्हशीसारखे. त्याला खरं सांगावं लागलं. ऐकून टोपी काढली त्याने.

"सिस्टर, काळजी करू नका. माझ्या आईची खानावळ होती. मी कांडायला लागलो की अख्खं गाव उठायचं."

"आता किती वर्षं झाली?"

"कला अंगात असते, सिस्टर."

बघू अंगात काय काय आहे ते.

बिरागो आजही चहावर.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

थकले. पाळी सुटल्यावर बसने मोदेनाला. धुकं इतकं की बस चालवणाराही अंदाजाने थांबे घेत होता. कसाव्याचे कंद, कच्ची केळी, बकऱ्याचं मटण, धुरावलेला मासा, तिखट मिरच्या. आमच्या पूर्वजांच्या अन्नाचा या जिल्ह्यातला एकमेव राखणदार सिल्हेटचा एक बंगाली दुकानदार आहे. पिशवी भरताना त्याने विचारलं, "पाहुणे येणार, दीदी?"

म्हटलं, हो. रविवारी.

"आनंदाचं आहे ना?"

पिशव्या उचलल्या आणि निघाले. बसमध्ये बसायला जागा मिळाली नाही. कसावा एवढा जड असतो हे मी कुठल्या सुखात विसरले होते कोण जाणे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

मनगट धरून लिहितेय. दोन्ही तळव्यांना पट्ट्या आहेत, अक्षर कोंबडीचं आलं तर येऊ दे.

बिरागोला सांगितलं, गोदामाची साफसफाई आहे, चल. आली बिचारी. चेहरा राखेसारखा. मला धाकधूक, रस्त्यात कुणी आपलं माणूस भेटलं आणि हिच्या गळ्यात पडून रडलं तर? म्हणून तिला मागच्या गल्लीने नेलं. का म्हणून तिने विचारलंही नाही.

आत सारपाँगने उखळ तीनदा गरम पाण्याने धुऊन मधोमध ठेवलेलं. मी घरूनच रस्सा करून आणला होता. कसावा नि केळी तिथल्या शेगडीवर उकळत होती. बिरागो दारात थांबली. उखळाकडे बघत राहिली.

"हे कुणासाठी?"

"तुझ्यासाठी, महाराणी. माझ्या गुठळ्या आवडत नाहीत ना तुला? मग घे."

तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मला वाटलं आता रागावून निघून जाते. पण तिने कोट काढला, बाह्या सारल्या, हात धुतले आणि उखळाशी स्टुलावर बसली.

"फिरवायला मी बसते. तुला फिरवता येत नाही. बोटं जातील, मग टाइल्स कोण मोजेल."

सारपाँगने मुसळ घेतलं. पहिले आठदहा घाव असे की गोदामाचा पत्रा हलला. अंगात कला होती, नाही म्हणणार नाही. मग तिने कंबरेत मुक्काम केला.

"सिस्टर... ही इथली थंडी..."

"थंडी कमरेतच कशी शिरली? पासपोर्ट न दाखवता?"

"जरा बसतो."

बसला तो बसलाच. खानावळीचा वारस! उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं — मीच उचललं. खोटं गिळून एवढी वर्षं "कोनादूताई कांडते" म्हणून मिरवत होते ना, आता कांड म्हटलं, कोनादू.

कांडायला ताकद लागते, पण फिरवायला जीव लागतो. मुसळ वर गेलं की फिरवणारीचा हात आत, गोळा दुमडायचा, पाण्याचा हबका द्यायचा, हात बाहेर, मुसळ खाली. तिने मुसळाकडे बघायचं नसतं. बघितलं की हात कचरतो. म्हणून ती कांडणारीच्या तोंडाकडे बघते. बिरागो माझ्या तोंडाकडे बघत होती. सरळ. पापणी न लववता.

आणि माझ्या तोंडावर काय होतं? मंगळवारपासून दाबून ठेवलेलं एक मरण! प्रत्येक वेळी मुसळ खाली आणताना वाटे, आत्ता माझा चेहरा फुटतो. चेहरा फुटला तर हात चुकतो, हात चुकला तर तिची बोटं. जिंदगीत इतकं सरळ तोंड मी कधी ठेवलं नसेल, नवऱ्याच्या वकिलासमोरसुद्धा नाही.

"हळू गं," ती मध्येच म्हणाली. "घाई काय आहे. आई म्हणायची, कांडणारीचं मन दुसरीकडे गेलं की गोळ्यात कळतं."

"माझं मन इथेच आहे."

"हो का."

धप्. हात आत. हात बाहेर. धप्. नंतर नंतर काही बोललोच नाही. तिच्या कपाळावर घाम, माझ्या नाकातून पाणी. तळव्यांचे फोड फुटले तेव्हा मला कळलंही नाही, मुसळावर लाल दिसलं तेव्हा कळलं. कपड्याने पुसलं आणि पुन्हा उचललं. तिने बघितलं की नाही माहीत नाही. मग एकदम गोळ्याचा आवाज बदलला — ओला, जड, मऊ. सारपाँग कोपऱ्यातून म्हणाला, "झाला!" आम्हा दोघींनाही माहीत होतं की झाला. तरी आणखी दोन घाव घातले. उगाच.

जेवायला बसलो. सारपाँगला प्रार्थना करायची हौस. हात जोडले आणि सुरू झाला, "हे परमेश्वरा, या अन्नाने तुझ्या शोकात असलेल्या —" मी टाचेने त्याचं पाऊल दाबलं. जोरात. "— शोकात असलेल्या... सर्व राष्ट्रांना शांती दे!"

"आमेन," बिरागो म्हणाली. आमच्या तिघांत सगळ्यात मोठ्याने.

तिने पहिला घास तोडला, रश्श्यात बुडवला, तोंडाशी नेला आणि थांबली. हात तसाच. रस्सा मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. कांडलेलंही नको? आता आणखी काय करू, कसावा पेरायला जाऊ? मग तिने डोळे मिटले आणि गिळलं.

त्यानंतर ती जेवली. मटणाचा तुकडा सारपाँगच्या वाट्याचाही खाल्ला! वाडगं उचलून रस्सा प्यायली, बोटं चाटली. मी माझं जेवण विसरून बघत बसले. आई लेकराला खाताना बघते तसं नव्हे हां, मुकादम पट्टा चालू झालेला बघतो तसं.

"जमलंय का?" शेवटी न राहवून विचारलं.

"मीठ थोडं कमी," ती म्हणाली.

घरी येताना माझा हात धरून चालत होती. धुक्यात एकमेकींना दिसत नव्हतो, म्हणून असेल.

जिंकले! उद्या जे व्हायचं ते होवो, पोट भरलंय तिचं.

रविवार, ९ फेब्रुवारी

पहाटे आले. थोरले काळ्या जाड कापडात, वरून मुलाचं फुगीर जाकीट. दोघी बायका मागे. बिरागोला मी आधीच उठवून, तोंड धुवायला लावून बसवलं होतं. म्हटलं, थोरले सहज येतायत. रविवारी पहाटे, ब्रेशियाहून, सहज! तिने मान डोलावली.

पाणी दिलं. थोरले प्यायले, दोन थेंब पूर्वजांसाठी फरशीवर सांडले. मग रीतीप्रमाणे घरच्या बाईने विचारायचं. घरची बाई मी.

"इथे सगळं शांत आहे. वाट चालून तुम्ही आलात. काय घेऊन आलात ते सांगा."

काय घेऊन आलेत ते मला मंगळवारपासून ठाऊक, तरी विचारलं. थोरले बोलण्यातही फार दुरून आले. आधी तिच्या आजोबांपासून, मग तिच्या आईच्या लग्नापासून. आईच्या हातचा पामच्या फळांचा रस्सा त्यांनी लहानपणी खाल्ला होता, ते सांगितलं. भांडण झालं की ती बाई आधी जेवायला वाढायची आणि मग भांडायची, हे सांगितलं. आणि मग म्हणाले, अशी माणसं बसून बसून थकतात, पोरी. तुझी आई जरा आडवी झाली. उठली नाही.

बिरागो ओरडली नाही. पुढे वाकली, कपाळ गुडघ्यांवर टेकलं, आणि आतून कुठूनतरी एक आवाज आला — असा आवाज मी त्या बाईचा एवढ्या वर्षांत ऐकला नव्हता. दोघी बायकांनी दोन्हीकडून धरलं. एकीने पाठीवर हात फिरवला, एकीने पाय धरले. खालच्या सिन्योराने एकदा छत ठोकलं. दुसऱ्यांदा नाही ठोकलं.

सकाळ उजाडेपर्यंत बसले ते लोक. मी चहा करत राहिले. दोघींपैकी जाडीने कालचा उरलेला रस्सा हुंगला आणि ब्रेडबरोबर फस्त केला. शोकाने माणसाला भूक लागते म्हणे, दुसऱ्याच्या.

जाताना थोरल्यांनी मला जिन्यात थांबवलं.

"जेवली होती?"

"काल दुपारी. पोटभर. कांडलेलं."

त्यांनी माझ्या पट्ट्यांकडे पाहिलं. "तुझं काम तू केलंस, पोरी," म्हणाले आणि कठडा धरून एकेक पायरी उतरत गेले. त्यांच्या तोंडून एवढं मिळणं म्हणजे राजवाड्याचं पदकच.

वर आले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. वायफायची डबी पिठातून काढून पुसून लावली. तिचा फोन मोज्यातून काढून उशाशी ठेवला. मी खुर्चीतच झोपले, चपला घालून.

सोमवार, १० फेब्रुवारी

कामावर जाण्याआधी तिचं काळं कापड इस्त्री करून ठेवावं म्हणून कपाट उघडलं. इस्त्री केलेलं होतं. धुतलेलंही.

"हे कधी केलंस?"

"मंगळवारी," पलंगावरून म्हणाली. "सकाळी. तू कामावर गेलीस आणि भाच्याचा रडत फोन आला. पोराला माहीत नव्हतं, असं सांगायचं नसतं. थोरल्यांना कळू देऊ नकोस, त्याची सालटी काढतील."

मंगळवारी सकाळी. म्हणजे माझ्याही आधी. म्हणजे तो चहा, ते अर्धं बिस्किट हा उपास होता — माझ्या गुठळ्यांचा कशाशीच संबंध नव्हता.

बसले तिच्या पायाशी.

"मग शनिवारी खाल्लंस कशाला गं?"

"तुझ्या हातातून रक्त येत होतं, ताई." मग भिंतीलाच, "आणि भूक लागली होती."

काळा चहा केला, दोन कप. एक तिला दिला, एक मी घेतला. निघताना तिने विचारलं, डबा घेतलास? म्हटलं, हो.

भाताचा डबा ओट्यावरच ठेवून गेले. आज दिवसभर तसाच आहे. उद्या डबा करणारही नाही, तिचा उपास तो माझा.